जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींचे स्क्रू फेकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकन लिव्हर-ॲक्शन (म्हणजे खालची लिव्हर हलवून काडतूस भरायच्या) रायफलींवर आलेला लेख मी पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचला. या विषयावर मराठीत सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लेखकाचे आधी मनापासून अभिनंदन. बेंजामिन टायलर हेन्री यांचे 1860 चे पेटंट, त्यातून पुढे आलेली विंचेस्टरची 1866 आणि 1873 ची मॉडेल्स, मग जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली 1886, 1892 आणि 1894 ची, हा इतिहास त्यांनी छान सांगितला आहे. माझी तक्रार शेवटच्या स्तंभाबद्दल आहे. 'किरकोळ हार्डवेअर' या उपशीर्षकाखाली तिथे असा सल्ला दिला आहे की गंजलेले, खाच बिघडलेले स्क्रू आणि पिना सरळ काढून टाकाव्यात, त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे नवे स्क्रू बसवावेत, आणि नवा स्क्रू जात नसेल तर भोकात नवे आटे पाडून घ्यावेत. हे वाचून कोणी खरोखर टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार, हातात घेतला तर त्या रायफलीचे होणारे नुकसान कधीच भरून निघणार नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले तर क्षमा असावी.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. मी लेथवर काम करणारी बाई. शिक्षण इन्स्ट्रुमेंट मेकिंगचे. लग्नानंतर अमेरिकेत आले, इथल्या एका मशीन शॉपमध्ये बरीच वर्षे मोजमापाच्या उपकरणांचे बारीक भाग केले, आणि निवृत्तीनंतर संग्राहकांसाठी व लहान संग्रहालयांसाठी जुन्या बंदुकांचे हरवलेले, तुटलेले स्क्रू आणि पिना बनवून देते. माझ्या बाकावर येणाऱ्या बहुतेक रायफली शंभर वर्षांहून जुन्या असतात. गोळी कशी लागते हे मला विचारू नका, पण त्या रायफलीचा कोणता स्क्रू कारखान्यातला आणि कोणता नंतरचा, हे मी भिंग लावून खात्रीने सांगू शकते.

आधी आट्यांचे बोलू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. दुकानात जाऊन स्क्रू मागितला की त्याची जाडी आणि आटे ठरलेले असणार, असे आपण आज धरून चालतो. या रायफली घडल्या तेव्हा तशी सोय नव्हती. विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांच्या आट्यांची पद्धत 1864 मध्ये मांडली खरी, पण ती रुळली मोठ्या बोल्टांत. बारीक मशीन स्क्रूंची प्रमाणे अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने 1907 मध्ये ठरवली. तोवर प्रत्येक कारखान्याचे टॅप वेगळे आणि स्क्रूवर आटे कापायच्या डायही वेगळ्या. विंचेस्टरने एक धरले, मार्लिनने दुसरे, सॅव्हेजने तिसरे. कारखान्याच्या आत सगळे जुळत होते, आणि त्यांना तेवढेच पुरेसे होते.

त्यामुळे आज दुकानातून आणलेला स्क्रू बसल्यासारखा वाटतो आणि बसत मात्र नाही. एकच उदाहरण देते. बंदुकीवर साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, बसवायला अमेरिकेत 6-48 नावाचा स्क्रू चालतो. 6 हा जाडीचा नंबर, म्हणजे 0.138 इंच, आणि 48 म्हणजे एका इंचात 48 आटे. हार्डवेअरच्या दुकानात 6 नंबरचे स्क्रू मिळतात 32 किंवा 40 आट्यांचे. मेट्रिकमधला साडेतीन मिलीमीटरचा स्क्रू घेतला तर जाडी जवळजवळ तंतोतंत तीच, त्यामुळे माणूस हमखास फसतो. 6-48 मध्ये एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर 0.53 मिलीमीटर, तर या मेट्रिक स्क्रूत 0.6. पहिला वेढा बोटांनी जातो. दुसऱ्यालाच स्क्रू आवळल्यासारखा लागतो. इथे ज्याला माहीत नाही तो म्हणतो, 'गंज असेल आत,' आणि पेचकस घेऊन जोर करतो. तिसऱ्या-चौथ्या वेढ्यात स्क्रूने भोकातले मूळ आटे खरवडून काढलेले असतात. स्क्रू काढला की त्याच्या आट्यांत चकाकणारी बारीक तार अडकलेली दिसते. ती तार म्हणजे रायफलीचे लोखंड. 1866 च्या मॉडेलची चौकट, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते तो मधला भाग, तर गनमेटलची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची. पोलादी स्क्रूपुढे ती मऊ पडते, तिथे आटे जायला फारसा जोरही लागत नाही.

लेखातला 'नवे आटे पाडून घ्यावेत' हा सल्ला नेमका या टप्प्यावर येतो. मूळ आटे गेले, आता भोक मोठे करा, आजच्या मापाचा टॅप फिरवा, काम फत्ते. चालत्या पंपाला किंवा शिवणयंत्राला मीही असे केले असते, त्यात गैर काही नाही. पण ज्या वस्तूचे मोल ती कशी घडली होती यातच आहे, तिच्यातले भोक मोठे करणे म्हणजे पुरावाच कापून टाकणे. स्क्रू बदलला तर उद्या पुन्हा बदलता येतो. चौकटीतून गेलेले लोखंड कोणी परत आणत नाही. माझ्या कामाचा नियम त्यामुळे एकच आहे: चौकटीला हात लावायचा नाही, जे काय करायचे ते स्क्रूवर करायचे. आटे विचित्र असतील तर तसेच विचित्र आटे लेथवर कापायचे.

एका संग्राहकाची 1873 ची विंचेस्टर माझ्याकडे आली होती. या मॉडेलला दोन्ही बाजूंना साइड प्लेट, म्हणजे चौकट झाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात, आणि एकच लांब स्क्रू एका प्लेटमधून शिरून, मधून आरपार जाऊन, पलीकडच्या प्लेटमध्ये आवळला जातो. त्या एका स्क्रूवर दोन्ही बाजू उभ्या. आधीच्या कुणा कारागिराने पलीकडच्या प्लेटचे भोक मोठे करून त्यात आजच्या मापाचे आटे पाडले होते, आणि ड्रिल किंचित तिरके गेले होते. परिणामी स्क्रू आवळला की प्लेट एका कोपऱ्यात केसभर उचलली जायची. मालकांना वाटले, प्लेट वाकली असेल, दुसरी आणून बसवू. दुसऱ्या एका 1873 वरची प्लेट आणलीही. ती बसेना, कारण त्या काळी या प्लेटा त्या-त्या चौकटीला कानशीने घासून बसवलेल्या असत. बोट फिरवले तरी सांधा लागू नये इतके ते काम साफ असते. परक्या प्लेटला चहूबाजूंनी फट राहिली. शेवटी मूळ प्लेटच्या भोकात बारीक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, घालून, त्यात मूळ मापाचे आटे कापून मी ती सरळ केली. बुश अशा चिकटद्रव्याने धरला आहे की गरम केल्यावर तो सुटेल आणि पुढच्या कारागिराला काही वेगळे करायचे असेल तर करता येईल. तरीही प्लेटचे कापलेले लोखंड गेले ते गेलेच. ज्याने हे केले त्याचा हेतू वाईट नसणार. त्याने आपल्या लेखातल्यासारखाच सल्ला कुठेतरी ऐकला असणार.

आता मूळ स्क्रू निघतच नाही त्याचे काय, हा रास्त प्रश्न आहे. या रायफलींच्या काळातल्या काडतुसांच्या कॅपमधल्या रसायनांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरणारा क्षार हवेतले पाणी ओढतो. काळ्या दारूची राखही तशीच ओल धरते. कोणी नीट साफ न करता रायफल भिंतीला लावून ठेवली की स्क्रूच्या डोक्याखाली गंज धरतो आणि फुगतो. असा स्क्रू जोराने निघत नाही, वेळ दिल्यावर निघतो. आधी सुईच्या टोकाने खाचेतली जुनी घाण कोरून काढायची, अगदी तळापर्यंत. मग पातळ भेदक तेलाचा थेंब, आणि वाट पाहायची. दिवसभर, दोन दिवस, गरज पडली तर आठवडाभर, अधूनमधून थेंब टाकत. नंतर सोल्डरिंग आयर्नचे टोक फक्त स्क्रूच्या डोक्याला टेकवायचे. डोके तापते, फुगते, गार होताना आकसते, आणि गंजाची पकड सैल होते. भोवतीच्या चौकटीचा रंग बिघडेल एवढी उष्णता त्यात नसते.

पेचकसाचे तर वेगळेच प्रकरण आहे, आणि निम्म्याहून जास्त जुने स्क्रू गंजाने नव्हे तर चुकीच्या पेचकसाने बिघडलेले मी पाहते. घरातल्या पेचकसाचे पाते टोकाकडे निमुळते असते. जुन्या स्क्रूची खाच अरुंद आणि दोन्ही भिंती सरळ उभ्या. निमुळते पाते खाचेच्या वरच्या काठालाच टेकते, फिरवले की वर सरकते आणि काठ उचकटते. बंदुकीच्या कामाला पाते टोकाशी समांतर घासलेले लागते. जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी, रुंदी डोक्याच्या व्यासाएवढी पण त्याच्या बाहेर न येणारी. एकाच रायफलीवर तीन-चार मापांची पाती लागतात, म्हणून मी तयार पाती घेऊन प्रत्येक स्क्रूसाठी दगडावर घासते. फारच अडलेला स्क्रू असेल तर असे पाते ड्रिल प्रेसच्या चकमध्ये पकडायचे, वीज बंद ठेवायची, लिव्हरने पाते खाचेत दाबून धरायचे आणि चक हाताने फिरवायचा. पाते वर सरकू शकत नाही, सगळा जोर फिरण्यात जातो. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग उलट. स्क्रू सुटतो तेव्हा बारीक 'टक' असा आवाज येतो आणि हाताला तो लगेच कळतो.

निघालेला स्क्रू पुष्कळदा पुन्हा वापरण्याजोगा असतो. खाचेचे काठ उचकटलेले असले तरी धातू कुठे गेलेला नसतो, बाजूला ढकलला गेलेला असतो. लहान हातोडीने हलके ठोकून तो मागे आणता येतो आणि मग बारीक कानशीने खाच साफ करता येते. लेखात ज्याला 'निकामी' म्हटले आहे त्यातले बरेचसे स्क्रू असे वाचतात.

खरोखर तुटलेला किंवा हरवलेला असेल तर नवा करावाच लागतो, आणि त्यालाही रीत आहे. जुन्या स्क्रूचा तुकडा मिळाला तर उत्तम. पिच गेजने आटे मोजायचे, भिंगातून आट्याचा कोन पाहायचा. जुने आटे पुष्कळदा वर टोकदार असतात, आजच्यासारखे सपाट नाहीत. लेथवर एका टोकाच्या हत्याराने थोडे थोडे कापत, प्रत्येक फेरीनंतर भोकात हाताने घालून पाहत जायचे. लांबी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. 1894 च्या मॉडेलमध्ये आतले काडतूस-मार्गदर्शक चौकटीच्या बाहेरून स्क्रूंनी धरलेले असतात. असला स्क्रू अर्धा मिलीमीटर जास्त लांब झाला की टोक आत डोकावते आणि सरकत्या भागाला घासते. बाहेरून काही कळत नाही, फक्त लिव्हर जड लागते.

डोके मी मुद्दाम थोडे उंच ठेवते आणि खाच सर्वांत शेवटी पाडते. स्क्रू पूर्ण आवळून, खाच कुठल्या दिशेला हवी तिथे रेघ मारून, काढून, बारीक करवतीने ती कापायची. मग पुन्हा बसवून डोके चौकटीच्या पातळीशी जुळवायचे. शेवटी रंग. पॉलिश केलेले कार्बन पोलाद तापवले की आधी साधारण 220-230 अंश सेल्सिअसला ते गवती पिवळे होते, मग जांभळे, आणि 290-300 च्या आसपास गडद निळे. पितळेच्या चुऱ्याने भरलेल्या ट्रेमध्ये स्क्रूची देठे रुतवून खालून मंद आच दिली की रंग सगळीकडे सारखा येतो. विंचेस्टरच्या काडतूस भरायच्या झडपांवर असाच उष्णतेचा निळा रंग असे, आणि जुन्या रायफलींवर तो कडेला उडालेला, मधे टिकलेला दिसतो. स्टेनलेसला नेहमीच्या ब्ल्यूइंगचा, म्हणजे बंदुकीच्या पोलादाला देतात तो निळा-काळा, रंग चढत नाही. शंभर वर्षांत काळवंडलेल्या चौकटीवर स्टेनलेसचा पांढरा ठिपका खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही डोळ्यांत खुपतो.

काही संग्राहक इथे उलट टोक गाठतात. नवा स्क्रू इतका जुना दिसावा की कोणाला कळू नये, असा त्यांचा आग्रह असतो. आम्लात बुडवून द्या, थोडा गंज धरवा, खाच थोडी खराब करा. असे काम मी घेत नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे बारावे कलम इमारतींच्या संदर्भात सांगते की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला भाग एकूण वस्तूशी सुसंगत दिसावा, पण मूळ भागापासून ओळखता यावा, म्हणजे जीर्णोद्धाराने इतिहासाचा खोटा पुरावा तयार होणार नाही. देवळाच्या दगडाला जो न्याय, तोच स्क्रूला. बाहेरून माझा स्क्रू चौकटीत शोभतो. काढला की देठाच्या टोकावर वर्षाचे आकडे कोरलेले दिसतात. रायफल विकायची झाली तर घेणाऱ्याला कळायला हवे की काय मूळ आहे आणि काय नाही.

या बारीक भागांवरून काय काय कळते हे लेखात यायला हवे होते. 1873 च्या मॉडेलचे तीन प्रकार मानतात आणि ते ओळखायची एक खूण म्हणजे वरचे सरकते झाकण ज्या पट्टीवर चालते ती पट्टी. मधल्या प्रकारात ती वेगळी करून दोन स्क्रूंनी बसवलेली, शेवटच्या प्रकारात चौकटीतूनच कोरलेली. कोणी ते दोन बारीक स्क्रू घासून सपाट केले तर रायफलीची ओळखच पुसली. खास मागणीवर बनवलेल्या रायफलींच्या टँगवर, म्हणजे चौकटीच्या दस्त्यात शिरणाऱ्या शेपटीवर, दस्त्याच्या लाकडात आणि बट प्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला एकच जुळणीचा क्रमांक ठोकलेला सापडतो. बट प्लेट नवी घातली की ती साखळी तुटली. वायोमिंगमधल्या कोडी गावी असलेल्या बफेलो बिल सेंटरमध्ये विंचेस्टरच्या अनेक मॉडेल्सच्या कारखान्याच्या नोंदी जपलेल्या आहेत. क्रमांक दिला की ती रायफल कुठल्या रूपात गोदामाबाहेर पडली हे पुष्कळदा कळते. ती नोंद आणि हातातली वस्तू ताडून पाहायची तर वस्तू तशीच हवी ना?

याच केंद्राने हाताळलेली एक रायफल जगभर गाजली. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात, ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली 1873 ची विंचेस्टर सापडली. दस्ता उन्हापावसाने करडा पडून चिरफळलेला, तळ मातीत रुतलेला, लोखंडावर गंज. नोंदींवरून ती 1882 मध्ये बनल्याचे निघाले. कोडीला नेल्यावर तिथल्या रुग्णालयात तिचे क्ष-किरण चित्र काढले. रायफल भरलेली नव्हती, पण दस्त्यात सफाईच्या गजासाठी जी पोकळी असते तिच्यात एक काडतूस निघाले. नंतर तिच्यावर केले ते एवढेच की लाकूड आणखी सुटू नये अशी सोय केली. तिला चकाकी आणली नाही, स्क्रू बदलले नाहीत, आणि आज ती उद्यानाच्या केंद्रात तशीच मांडलेली आहे. 1873 च्या 7 लाखांहून जास्त रायफली बनल्या होत्या, तरी या एकीसाठी लोक वाट वाकडी करून जातात.

स्प्रिंगांबद्दल माझे मत इतके कडक नाही. स्प्रिंग थकते, मोडते, आणि मोडलेली पट्टी आत ठेवली तर बाकीचे भाग ओरखडते. 1873 च्या मॉडेलमध्ये लिव्हरची आणि कॅरियरची (काडतूस वर उचलणाऱ्या भागाची) अशा दोन सपाट स्प्रिंगा प्रत्येकी एका स्क्रूने धरलेल्या असतात. त्याच भोकात, त्याच स्क्रूने नवी बसत असेल तर खुशाल बसवावी, कारण जुनी परत घालायचा रस्ता मोकळा राहतो. माझा विरोध आहे तो मेन स्प्रिंगच्या स्ट्रेन स्क्रूचे टोक घासण्याला. हा स्क्रू घोड्याच्या मोठ्या स्प्रिंगला खालून दाब देतो. लिव्हर हलकी चालावी म्हणून लोक त्याचे टोक कानशीने उडवतात, घोडा मंद पडतो, आणि पुढचा मालक स्प्रिंगच खराब समजून तीही बदलतो. सैलच करायचे तर दुसरा, आखूड स्क्रू करून घ्या आणि मूळचा बाजूला ठेवा.

आणखी एक खुलासा करते. 1894 चे मॉडेल 70 लाखांहून जास्त बनले, त्यामुळे त्याचे भाग सहज मिळतात असे लेखात म्हटले आहे. मिळतात, पण कुठल्या काळातले? 1964 मध्ये विंचेस्टरने या रायफलीची रचना स्वस्तात बसवण्यासाठी बदलली, आणि त्यानंतरचे पुष्कळ भाग आधीच्या रायफलीत बसत नाहीत. इटलीत किंवा जपानमध्ये बनणाऱ्या प्रतिकृतींचे भागही दिसायला तेच असतात, पण मापे वेगळी. प्रतिकृती घेऊन काऊबॉय शूटिंगच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आपल्या रायफलीत हवे ते बदल करावेत. माझे म्हणणे फक्त जुन्या मूळ रायफलींपुरते आहे.

लेखातून राहून गेलेली सर्वांत गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. पेचकस लावण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री कशी करायची, यावर एक ओळही नाही. या रायफलींची काडतुसे नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एकामागे एक असतात. लिव्हर चार-पाच वेळा हलवली, काही पडले नाही, म्हणजे रिकामी, असे समजणे धोक्याचे आहे. मॅगझिनची जुनी स्प्रिंग गंजून अडकलेली असते, काडतूस मधेच थांबते, आणि बाकावर उलटसुलट करताना, ठोकताना अचानक पुढे येते. कामाआधी लिव्हर उघडून, उघड्या ॲक्शनमधून (काडतूस भरणाऱ्या यंत्रणेतून) उजेड टाकून मॅगझिनच्या तोंडाशी फॉलोअर, म्हणजे काडतुसे ढकलणारी टोपी, डोळ्यांनी पाहायची आणि नळीची मागची बाजूही पाहायची. फॉलोअर दिसला नाही तर तिथेच थांबायचे आणि रायफल परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्यायची. मी वर सोल्डरिंग आयर्नचे आणि ठोकण्याचे जे लिहिले ते या तपासणीनंतरचे आहे, हे कृपया कोणी विसरू नये. शिवाय नवे स्क्रू घातले म्हणून रायफल चालवण्याजोगी होत नाही. 1866 आणि 1873 ची कुलूपरचना, म्हणजे गोळी सुटताना नळीची मागची बाजू बंद धरणारी यंत्रणा, काळ्या दारूच्या दाबासाठी आहे, तिच्यात आजची जोरदार काडतुसे घालू नयेत.

माझी विनंती अशी की पुढच्या पुरवणीत लेखाला दुरुस्ती जोडावी. जागा कमी असेल तर दोन ओळी पुरतील: भोकात नवे आटे पाडू नयेत, आणि स्क्रूला हात लावण्याआधी मॅगझिन डोळ्यांनी तपासावे. जागा असेल तर तिसरी ओळ काढलेल्या भागांबद्दल. कोणताही स्क्रू, पिन, स्प्रिंग, तुटलेला तुकडासुद्धा, तेलाचे बोट लावून झिपच्या लहान पिशवीत घालावा. आत चिठ्ठी ठेवावी: रायफलीचा क्रमांक, भाग कुठून काढला, कधी काढला, जागी काय घातले आणि ते कोणी केले. पिशवी रायफलीसोबतच ठेवावी, आणि रायफल दुसऱ्याच्या हाती गेली की पिशवीही द्यावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई तेलाने फुटते.

आपली,
अमेरिकेतील एक वाचक